नेम पक्का, डाव कच्चा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या काही आठवड्यांत संगणकावरील नेमबाजीच्या खेळांविषयी बरीच चर्चा झाली. काही पालकांनी काळजी व्यक्त केली, काही तरुणांनी त्यांना उत्तरे दिली; मात्र दोन्ही बाजूंच्या पत्रांत एक समज सारखाच दिसला, तो म्हणजे ज्याचे बोट लवकर चालते तो या खेळात जिंकतो आणि बाकी सारे गौण आहे. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या संघाच्या सरावाला नियमित बसतो. नांदेड, लातूर, परभणी आणि छत्रपती संभाजीनगर येथील मुलांचे सामने पाहून माझे मत असे झाले आहे की आपल्याकडे नेमाची आणि हाताच्या वेगाची कमतरता मुळीच नाही. आपले संघ हरतात ते माहिती, जागा आणि पैसा या तीन गोष्टींच्या हिशेबात. हा खेळ चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवून प्रत्यक्ष खेळाविषयीच लिहावे, या हेतूने हे पत्र पाठवीत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी त्याची मांडणी थोडक्यात सांगतो. ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ तयार झाला, २००० मध्ये तो स्वतंत्रपणे विक्रीस आला, २०१२ मध्ये ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ ही आवृत्ती आली आणि सप्टेंबर २०२३ पासून ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळला जातो. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू असतात. हल्ला करणाऱ्या बाजूने नकाशावरील, म्हणजे खेळाच्या मैदानावरील, ‘ए’ किंवा ‘बी’ या ठिकाणी बॉम्ब लावायचा, आणि बचाव करणाऱ्या बाजूने तो लावू द्यायचा नाही, किंवा लागलाच तर निकामी करायचा. राउंड १ मिनिट ५५ सेकंदांचा असतो, लावलेला बॉम्ब ४० सेकंदांनी फुटतो, आणि तो निकामी करायला १० सेकंद, तर जवळ त्यासाठीचे किट (अवजारांचा संच) असेल तर ५ सेकंद लागतात. बारा राउंडनंतर बाजू बदलतात आणि आधी १३ राउंड जिंकणारा संघ सामना जिंकतो. मेलेला खेळाडू त्या राउंडमध्ये परत येत नाही. सारी रणनीती या शेवटच्या नियमाभोवती फिरते, कारण एक जण गेला की फक्त एक बंदूक कमी होत नाही, तर नकाशाचा एक भाग त्या संघाच्या नजरेआड होतो.

आधी नेमाविषयी, कारण तिथेही समजुतीचा घोटाळा आहे. शत्रू दिसल्यावर माउस झटकून त्याच्यावर आणणे म्हणजे नेम, असे नवीन मुले धरून चालतात. मुरलेला खेळाडू मात्र चालता चालताच क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) डोक्याच्या उंचीवर आणि पुढचा शत्रू ज्या कोपऱ्यातून निघेल त्या कोपऱ्याच्या कडेला धरून ठेवतो, त्यामुळे प्रसंग आला तेव्हा त्याला माउस जवळजवळ हलवावाच लागत नाही. एके-४७ ची एक गोळी डोक्यात लागली की हेल्मेट घातलेला खेळाडूही पडतो. म्हणून पहिल्या गोळीची उंची ही पुढच्या वीस गोळ्यांहून अधिक मोलाची आहे. पळताना झाडलेली गोळी भरकटते, यासाठी उजवीकडे सरकताना डावीकडची कळ क्षणभर दाबून शरीर जागीच थांबवावे लागते आणि त्याच क्षणी गोळी सोडावी लागते. सलग गोळ्या सोडल्यास बंदूक आधी वर आणि मग बाजूला ठरावीक रीतीने उचलते. ही रीत पाठ करून माउस खाली ओढता येतो, पण लांबच्या अंतरावर दोन-तीन गोळ्यांचे तुकडे करणेच इष्ट. हे सर्व कौशल्य एकट्याने, रिकाम्या नकाशावर सराव करून येते, आणि आपल्या मुलांनी ते कष्टाने मिळवलेले आहे.

इथून पुढे मात्र एकट्याचा सराव पुरत नाही, आणि मराठवाड्यातील इंटरनेटची परिस्थिती पाहता तर तो अधिकच अपुरा पडतो. या प्रकारच्या खेळात कोपऱ्यातून बाहेर पडणाऱ्याला आत थांबलेला शत्रू किंचित आधी दिसतो, कारण त्याच्या हालचालीची बातमी सर्व्हरमार्गे दुसऱ्याच्या पडद्यावर पोहोचायला वेळ लागतो. हा वेळ म्हणजे पिंग; तो जितका जास्त, तितका हा फरक मोठा. तालुक्याच्या गावातून मोबाइलच्या नेटवर खेळणारा मुलगा एकाच कोपऱ्यात एकाच रेषेवर बंदूक रोखून बसला, तर त्याचा नेम कितीही चांगला असला तरी तो आधी दिसण्याची आणि आधी मरण्याची शक्यता वाढते. ही उणीव घरबसल्या दूर करता येत नाही, पण डावाने भरून काढता येते. एकदा दिसलो की तीच जागा पुन्हा धरायची नाही. शत्रूची अपेक्षा असते त्याहून थोडे आत किंवा थोडे बाजूला उभे राहायचे. आणि शक्य तिथे जोडीने राहायचे, म्हणजे पहिला पडला तरी दुसरा लगेच त्याचा बदला घेतो. वीज जाते, केबल तुटते, इन्व्हर्टर दम तोडतो, या गोष्टींवर आपले संघ फार बोलतात. पण पिंगचा विचार करून जागा बदलणारा संघ मला क्वचितच दिसला आहे.

जोडीचा मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो, कारण माझ्या मते आपल्या संघांचे सर्वाधिक राउंड इथे जातात. खेळाडू ज्याला ‘ट्रेड’ म्हणतात तो अगदी साधा हिशेब आहे: आपला एक गेला आणि दोन सेकंदांच्या आत त्याला मारणाराही गेला, तर पाच विरुद्ध पाचचे चार विरुद्ध चार होतात आणि शिवाय शत्रूची जागा मोकळी होते. तोच बदला घेतला गेला नाही तर चार विरुद्ध पाच अशी स्थिती होते, आणि पुढच्या प्रत्येक चकमकीत दुसऱ्या बाजूला एक जास्तीची बंदूक असते. यासाठी मागच्याने पुढच्यापासून इतकेच अंतर ठेवायचे असते की गोळ्यांच्या एकाच फैरीत दोघे सापडू नयेत, पण पुढचा पडताच मागच्याला तीच रेषा दिसावी. आमच्याकडे पहिला मुलगा धाडसाने आत शिरतो, दुसरा दार ओलांडण्याआधी ग्रेनेड काढत असतो, तिसरा मागे राहून मागच्या वाटेवर नजर ठेवून असतो. पहिला पडतो, आणि मग संघ ‘तो एकटाच गेला’ म्हणून त्याला बोल लावतो. वास्तविक आधी शिरणाऱ्याचे काम मरण्याची शक्यता गृहीत धरून जागा मोकळी करणे हेच असते. त्याच्या मागे वेळेवर न पोहोचणे ही चूक मागच्याची असते. बचावातही हाच विचार उलटा लागू पडतो. एकाच दाराकडे दोन वेगवेगळ्या कोनांतून रोखलेल्या दोन बंदुका असतील तर आत येणाऱ्याला एकाकडे वळताना दुसऱ्याकडे पाठ किंवा बाजू द्यावीच लागते. दोघे शेजारी शेजारी उभे राहिले तर एकच फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड) दोघांना आंधळे करते. एवढे अंतर ठेवायला नेम लागत नाही, आधी ठरवून घ्यावे लागते.

माहितीचेही तसेच आहे. पळणाऱ्याच्या पावलांचा आवाज दूरपर्यंत ऐकू जातो, हळू चालणाऱ्याचा जात नाही. म्हणून शांतता हीसुद्धा माहिती असते. ‘ए’कडे अर्धा मिनिट काहीच ऐकू आले नाही, याचा अर्थ तिकडे कोणी नाही असा होत नाही, तर कोणी आलेच असेल तर हळू आले आहे असा होतो. मेलेल्या साथीदाराने शेवटी काय पाहिले ते सांगायचे असते: कोणत्या ठिकाणी, किती जण, हातात काय, आणि आपल्या गोळ्यांनी किती जखमी. ‘लाँगवर दोघे, एकाला ८० लागले’ एवढे वाक्य पुरेसे आहे. आपल्याकडे होते काय, तर ‘तिकडे आहे, तिकडे आहे’ असा आरडाओरडा होतो आणि ‘तिकडे’ म्हणजे नेमके कुठे हे कोणालाच कळत नाही. आमच्या संघात मराठी, उर्दू आणि हिंदी बोलणारी मुले आहेत आणि ती खेळताना आपापल्या बोलीत बोलतात. त्यात काहीही वावगे नाही. नकाशावरील प्रत्येक जागेला एकच नाव सर्वांनी मान्य करणे मात्र अत्यावश्यक आहे. ‘डस्ट २’ आणि ‘मिराज’ या नकाशांच्या रिकाम्या प्रती उघडून, पाचही जणांनी एकत्र फिरून, जागांची नावे पक्की करण्यात एक संध्याकाळ गेली तर ती सरावातील सर्वांत उपयोगी संध्याकाळ ठरते. शेवटचा एकटा खेळाडू शत्रूंपुढे उरला असेल तेव्हा बाकीच्या चौघांनी आपली माहिती एकदा सांगून पूर्ण गप्प बसावे, कारण त्याला त्या वेळी पावले ऐकायची असतात.

या संदर्भात आपल्याच भूमीतील एक उदाहरण मला विद्यार्थ्यांना फार सांगावेसे वाटते. देवगिरीच्या किल्ल्यात शिरताना दरवाजे एका सरळ रेषेत येत नाहीत. प्रत्येक दरवाज्यानंतर वाट वळते, त्यामुळे हल्ला करणाऱ्याला पुढचे दिसत नाही आणि त्याची बाजू तटावरच्या माणसाला उघडी पडते. पुढे कातळ तासून केलेला खंदक, त्यावरचा अरुंद मार्ग आणि मग अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, जिच्या वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत कोंडण्याची सोय होती असे किल्ल्यावरचे वाटाडे सांगतात. कोन, अरुंद वाट, धूर आणि एकावर दोघांची नजर, हे आज पडद्यावर शिकवावे लागणारे सारे तिथे दगडात कोरलेले आहे. तरीही १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीपुढे रामदेवराय यादवांना तह करावा लागला. इतिहासग्रंथांत जी हकीकत येते तीनुसार यादवांची मुख्य फौज त्या वेळी राजपुत्राबरोबर बाहेर होती, दिल्लीची मोठी सेना मागून येत असल्याची हूल खिलजीने उठवली होती, आणि किल्ल्यात घाईने चढवलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले. अभेद्य जागा हाताशी असूनही चुकीच्या ठिकाणी असलेली कुमक, खरी वाटलेली खोटी बातमी आणि संपलेली रसद या तीन कारणांनी बाजू पडली. मी मुलांना हरलेल्या राउंडचे कारण विचारतो, तेव्हा याच तिघांपैकी एक तरी निघतेच. ‘माझा नेम चुकला’ हे उत्तर तुलनेने कमी वेळा खरे असते.

रसदेचा भाग आपल्या संघांकडून सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. या खेळात प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला स्वतःच्या खेळातल्या पैशांतून शस्त्रे विकत घ्यायची असतात. सुरुवातीला प्रत्येकाकडे ८०० डॉलर असतात. शत्रूंना मारून राउंड जिंकला तर प्रत्येकाला ३२५०, बॉम्ब फुटून किंवा निकामी होऊन जिंकला तर ३५०० मिळतात. हरणाऱ्यांना मिळणारी भरपाई सलग पराभवांनुसार १४०० पासून ३४०० पर्यंत ५०० च्या टप्प्यांनी वाढते. एके-४७ ला २७०० लागतात, चिलखत व हेल्मेटला मिळून १०००, धूर करणाऱ्या स्मोक ग्रेनेडला ३००, फ्लॅशला २००, आणि लांब पल्ल्याच्या एडब्ल्यूपीला ४७५०. म्हणजे हल्ला करणाऱ्या खेळाडूला पूर्ण तयारीसाठी साडेचार हजारांच्या आसपास रक्कम हवी. आता पहिला राउंड हरलेल्या पाच जणांकडे दोन-दोन हजार आहेत असे समजा. त्यातील दोघांनी हाती लागेल ते विकत घेतले, तिघांनी पैसे राखून ठेवले, तर या राउंडमध्येही संघ दुबळा आणि पुढच्यातही दुबळा. पाचही जणांनी पैसे राखले तर हा राउंड बहुधा जातो, पण पुढच्या राउंडला पाचही जण पूर्ण शस्त्रांनिशी उभे राहतात. पाचही जणांनी एकत्र जोर लावला तर निदान या राउंडमध्ये खरी संधी निर्माण होते. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. निम्म्यांनी एक आणि निम्म्यांनी दुसरा घेतला की मात्र तो कधीच योग्य नसतो, आणि आपल्याकडे हाच सर्वाधिक घेतला जातो, कारण प्रत्येक जण स्वतःच्या पैशांकडे पाहतो.

याच हिशेबातून हरत असलेल्या राउंडमध्ये शस्त्र वाचवून मागे हटण्याचा निर्णय येतो. दोन विरुद्ध पाच अशी स्थिती असताना, बॉम्ब लागलेला असताना आणि जवळ किट नसताना आत शिरून मरणाऱ्या दोघांना प्रेक्षक शूर म्हणतात. पण त्यांनी बंदुका घेऊन कोपऱ्यात थांबणे पत्करले असते तर संघाचे हजारो डॉलर वाचले असते आणि त्यातून घेतलेली बंदूक पुढच्या राउंडला तिसऱ्या साथीदाराच्या हातात देता आली असती. हल्ला करणाऱ्या बाजूने एक बारकावा लक्षात ठेवावा: बॉम्ब न लावता वेळ संपली आणि खेळाडू जिवंत राहिला, तर त्याला पराभवाची भरपाई मिळतच नाही. म्हणून त्या बाजूला लपून वेळ काढणे महागात पडते, आणि हरतानाही बॉम्ब लावून ठेवणे फायद्याचे, कारण त्याची जादा रक्कम मिळते. शत्रूच्या पैशांचाही अंदाज काढता येतो. त्यांनी सलग किती राउंड गमावले, गेल्या राउंडमध्ये त्यांच्या किती बंदुका वाचल्या, हे कोणी एक जण कागदावर लिहीत बसला तर ते या वेळी पिस्तुलावर आहेत की नाहीत हे बऱ्याच वेळा आधीच कळते. पिस्तूलवाल्यांवर पूर्ण शस्त्रांनिशी जवळच्या कोपऱ्यांत धावून जाणे म्हणजे त्यांना हवे तेच देणे. तिथे लांब अंतर राखून, जोडीने, सावकाश पुढे जायचे असते. अशा राउंडला एखाद्याने छोटी यांत्रिक बंदूक घेतली तर तेही हिशेबाला धरून आहे, कारण त्या वर्गातील बहुतेक बंदुकांनी मारलेल्या प्रत्येक शत्रूमागे ६०० मिळतात, रायफलीने ३०० आणि एडब्ल्यूपीने केवळ १००.

हल्ल्याच्या आखणीबाबत आपले संघ दोनच गोष्टी जाणतात: पाचही जण ‘बी’वर धावणे, आणि ते फसले की पाचही जण ‘ए’वर धावणे. पहिल्या अर्ध्या मिनिटात पाच जणांनी नकाशावर पसरून थोडी थोडी जागा ताब्यात घ्यावी, शत्रू कुठे किती ताकदीने आहे ते पाहावे आणि मग एका ठिकाणी एकवटावे, ही रीत त्यांना वेळखाऊ वाटते. ‘मिराज’वर मधला भाग ताब्यात असला की कनेक्टरमधून ‘ए’ आणि शॉर्टवरून ‘बी’ अशा दोन्ही वाटा खुल्या राहतात, आणि बचाव करणाऱ्यांना दोन्हीकडे माणसे ठेवावी लागतात. मधला भाग सोडून दिला की तेच बचाव करणारे निर्धास्त होतात. एका बाजूला दोन स्मोक आणि पावलांचा मुद्दाम केलेला आवाज, आणि खरा हल्ला दुसऱ्या बाजूला, ही हूल तेव्हाच लागू पडते जेव्हा याआधी त्याच बाजूने खरा हल्ला झालेला असतो. पहिल्याच राउंडला केलेल्या हुलीवर शहाणा संघ हलत नाही.

ग्रेनेड हे शत्रूला मारण्याचे साधन मानले जाते, तेही तपासून घ्यायला हवे. स्मोक काही सेकंद टिकतो आणि तेवढ्या वेळात दुरून नजर ठेवणारी एक बंदूक निरुपयोगी होते. म्हणजे प्रत्यक्षात शत्रूचा एक माणूस काही काळ बाद होतो. नव्या आवृत्तीत स्फोटक ग्रेनेडने धुरात क्षणभर भगदाड पाडता येते, त्यामुळे धुरामागे निवांत उभे राहण्याची जुनी सवय मोडायला हवी. पेट घेणारी बाटली कोपऱ्यात लपलेल्याला बाहेर काढते, पण तिच्यावर स्मोक पडला की आग विझते, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावे. फ्लॅशविषयी एकच सांगतो: टाकणारा वेगळा आणि बाहेर पडणारा वेगळा असावा, आणि दोघांनी एकत्र मोजून ती हवेत, डोळ्यांसमोर फुटेल अशी टाकावी. जमिनीवर घरंगळत गेलेली फ्लॅश शत्रू पाठ फिरवून सहज चुकवतो, आणि अनेकदा आपलाच माणूस आंधळा होतो.

बॉम्ब लागल्यानंतरच्या ४० सेकंदांत तर आपले जिंकलेले राउंड हातचे जातात. बॉम्ब लावणारे विजयाच्या भरात शत्रूला शोधत पुढे जातात आणि एकेक करून पडतात. वास्तविक आता घड्याळ त्यांच्या बाजूचे असते. शत्रूलाच यायचे असते. त्यांनी बॉम्ब दिसेल अशा दोन वेगळ्या, दूरच्या जागा धराव्यात, निकामी करण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर डोकावू नये, आणि आवाज आला की दोघांनी एकाच वेळी पुढे यावे, कारण निकामी करणारा त्या क्षणी गोळी झाडू शकत नाही. उलट बाजूने, ठिकाण परत घ्यायला येणाऱ्यांनी एकेकट्याने शिरण्यापेक्षा चार-पाच सेकंद थांबून एकत्र शिरावे. किट जवळ असेल तर तेवढा वेळ असतो. म्हणूनच बचावाच्या बाजूने प्रत्येकी ४०० डॉलरचे किट घेण्यात कंजुषी करू नये, निदान पाचांपैकी तिघांनी तरी.

आपल्या ग्रामीण भागातील बहुसंख्य मुले संगणकावर नव्हे तर मोबाइलवर ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) किंवा ‘कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल’ खेळतात, आणि काही ‘व्हॅलोरंट’ खेळतात. ‘व्हॅलोरंट’मध्ये बॉम्बऐवजी ‘स्पाइक’ असतो, तो ४५ सेकंदांनी फुटतो आणि निकामी करायला ७ सेकंद लागतात, शिवाय पात्रांना खास क्षमता असतात. तरी पैशांचा आणि जागेचा हिशेब तोच आहे. ‘बीजीएमआय’मध्ये दर राउंडला शस्त्रे विकत घ्यायची नसतात, पण चौघांच्या संघात पडलेल्या साथीदाराला उठवता येते, त्यामुळे बदला घेण्याचा प्रश्न उचलण्याच्या प्रश्नाशी जोडलेला असतो: आधी शत्रूवर दबाव, मग धूर, मग साथीदार, हा क्रम उलटा केला की एकाऐवजी दोघे जातात.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे अशा खेळांच्या स्पर्धांना, बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, आणि ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला त्यांपासून वेगळे काढले. त्यामुळे यापुढे महाविद्यालयीन पातळीवर स्पर्धा वाढतील. अशा वेळी आयोजकांना माझी विनंती आहे की केवळ बक्षीस देऊन न थांबता प्रत्येक सामन्याचे डेमो, म्हणजे जपून ठेवलेली नोंद, दोन्ही संघांना द्यावेत. या खेळात सामन्याची नोंद जपून ठेवता येते आणि नंतर ती दहाही खेळाडूंच्या नजरेतून, हव्या त्या वेगाने पाहता येते. लातूरच्या शिकवणीवर्गांत चाचणी झाल्यावर उत्तरपत्रिका घेऊन बसण्याची सवय आपल्या मुलांच्या अंगवळणी पडलेली आहे. तीच सवय इथे आणली, तर हरलेल्या प्रत्येक राउंडमध्ये पहिला माणूस कुठे, कसा आणि कोणापासून किती दूर असताना पडला हे त्यांना स्वतःच दिसेल. त्या एका प्रश्नाच्या उत्तरावरच आमच्या संघाचा सराव आता सुरू होतो आणि नेमाचा सराव त्यानंतर होतो.

आपल्या दैनिकालाही एक सुचवावेसे वाटते. क्रीडापानावर अशा स्पर्धांच्या बातम्या येतात तेव्हा विजेत्यांचे नाव आणि बक्षिसाची रक्कम छापली जाते, पण सामना कोणत्या राउंडला फिरला, त्या वेळी दोन्ही संघांकडे पैसे किती होते, कोणी शस्त्र वाचवले आणि कोणी वाया घालवले, याची एक ओळही नसते. क्रिकेटच्या बातमीत आपण षटके आणि भागीदारी छापतो, तशी या खेळाची किमान माहिती छापली तर खेळणाऱ्या मुलांना वाचायला काही मिळेल आणि पालकांनाही आपला मुलगा त्या खोलीत बसून नेमका कसला विचार करतो हे समजेल. बातमीदारांना ती माहिती कशी टिपावी हे समजावून सांगण्यासाठी, तसेच ‘डस्ट २’ व ‘मिराज’ या नकाशांवरील जागांची आमच्या संघाने तयार केलेली मराठी टिपणे पाठवण्यासाठी मी आणि माझे विद्यार्थी तयार आहोत.

आपला नम्र,
संगणकशास्त्राचा एक प्राध्यापक,
नांदेड